फेसा, तुझी साक्ष खोटी आहे

फेसास,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तो मी लिहीत नाही. ज्याला नमस्कार करावा असं तुझ्यात मला काही सापडलेलं नाही, आणि मनात नसलेलं लिहायची मला सवय नाही.

आरोप आधी सांगते. कपड्याचा मळ दुसराच कोणी काढतो आणि श्रेय तू घेतोस. बादलीच्या काठावर चढून बसतोस, जाहिरातीतल्या हसऱ्या बाईच्या हातांवर खेळतोस, आणि आम्हाला वाटतं, धुणं तूच धुतलंस. तुझ्या या खोट्या साक्षीपायी आमच्या घरातल्या बायांनी वर्षानुवर्षं जादा पावडर ओतली, जादा पाणी शेंदलं, कपडे जादा वेळा खळबळले, जादा पिळे पिळले. आणि एवढं करून उरलास तो मोरीतून गटारात, गटारातून नदीत गेलास.

तुझा जन्म गुन्हेगाराचा नाही, हे मी मान्य करते. माझं माहेर लातूरचं. आमच्याकडे बोअरचं पाणी. त्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, केस राठ होतात, पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. माझ्या लहानपणी आई धुण्याच्या दगडापाशी बसून वडिलांच्या सदऱ्यावर साबणाची वडी घासायची. घासघास घासायची. पाण्यावर पांढरट, चिकट साय यायची, नासलेल्या दुधासारखी. ती साय कापडाला बसायची, बादलीला बसायची, आईच्या नखांत बसायची. तू मात्र यायचा नाहीस. आईच्या तोंडाला फेस यायचा, बादलीला यायचा नाही.

शाळेत गेल्यावर कारण कळलं. साबण म्हणजे तेला-चरबीतल्या आम्लांचा सोडियमशी किंवा पोटॅशियमशी झालेला क्षार. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असलं की साबण आधी त्यांच्याच तावडीत सापडतो, पाण्यात न विरघळणारी साय होऊन बसतो. पाण्यातलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम अशी साय होऊन संपलं की मगच पुढचा साबण कपड्याच्या कामाला लागतो. आणि तू येतोस तो नेमका त्याच वेळी. म्हणजे साबणाच्या काळात तू आलास याचा अर्थ खरोखर असा होता की आता धुणं सुरू झालं. तेव्हा तू सच्चा साक्षीदार होतास. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांनी अशा जड पाण्याला नावच तुझ्यावरून दिलं: दुष्फेन. आणि साबणाला साथ देणारं पाणी ते सुफेन. एकोणिसाव्या शतकात ॲबर्डीनच्या थॉमस क्लार्क या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने पाण्याचा जडपणा मोजायची रीत बसवली तीसुद्धा तुलाच प्रमाण धरून. साबणाचं पाणी थेंब थेंब टाकायचं, बाटली हलवायची, आणि तू टिकून राहिलास की थेंब मोजायचे. रिठ्याला संस्कृतात फेनिल म्हणतात. इतका मान तुला मिळाला होता.

मग डिटर्जंट आलं, आणि तू बिघडलास.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई झाली. खायला पुरेना तिथे साबणाला कुठून आणायची? म्हणून तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी चरबीशिवाय मळ काढणारी रसायनं शोधायला घेतली. 1930 च्या दशकात अशी पावडर युरोप-अमेरिकेच्या दुकानांत आली, दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत गेली. आपल्याकडे 1959 मध्ये सर्फ आलं, 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केलं आणि स्वस्त पिवळी पावडर खेड्यापाड्यांच्या किराणा दुकानांत पोचली. आमच्या लातुरात ती पोचली तेव्हा आई कशी हरखली होती ते मला आठवतं. बोअरच्या त्याच पाण्यात साय धरली नाही. सदऱ्याची कॉलर निघाली. मनगटं दुखली नाहीत. डिटर्जंटचं हे ऋण मी कधी नाकारणार नाही. जड पाण्याच्या मुलखातल्या बायकांच्या हाडांना त्याने आराम दिला.

पण त्याने नेमकं काय केलं, ते नीट ऐक, कारण त्यात तुझं नाव कुठेच नाही.

डिटर्जंटचा एकेक रेणू म्हणजे डोकं आणि शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला तेल. पाण्यात पडल्यावर शेपटं पाण्यापासून पळ काढायला बघतात आणि कॉलरवरच्या तेलकट मळात घुसतात. डोकी बाहेर, पाण्याकडे. अशी हजारो शेपटं घुसली की मळाचा कण कापडावरून सुटतो, रेणूंच्या वेढ्यात अडकतो आणि परत कापडावर बसू शकत नाही. शिवाय हे रेणू पाण्याचा ताण उतरवतात. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन. डिटर्जंट घातल्यावर तो निम्म्याच्याही खाली येतो, म्हणून पाणी धाग्याधाग्यांत शिरतं. बाकीचं काम चोळणाऱ्या हाताचं आणि वाहून नेणाऱ्या पाण्याचं. साबणही असाच वागतो. फरक इतकाच की साबणाचं डोकं कॅल्शियमच्या हाती लागतं आणि डिटर्जंटचं सल्फोनेटाचं डोकं सहसा लागत नाही.

आणि तू? तू म्हणजे हवा. त्याच रेणूंनी गुंडाळलेली हवा. जे रेणू तुझ्या बुडबुड्याच्या पापुद्र्यात जाऊन बसले, ते तेवढा वेळ कॉलरपाशी नसतात.

डिटर्जंट आल्यावर तुझं आणि धुण्याचं नातं तुटलं. आता भरपूर फेसाळणारी आणि बेताचं धुणारी रसायनं करता येतात, आणि उत्तम धुणारी पण जवळजवळ न फेसाळणारीही करता येतात. तू आलास म्हणून मळ निघाला असं राहिलं नाही. पण आईला हे कोणी सांगितलं नाही. तिने साबणाच्या काळात तुझ्यावर ठेवलेला विश्वास तसाच पुढे चालवला, आणि तू तो घेतलास. पावडर घातली, हात फिरवला, तू थोडा कमी दिसलास की ती म्हणायची, "फेस आला नाही गं अजून, टाक मूठभर." मी टाकायचे. मग तू काठावर यायचास आणि आमचं समाधान व्हायचं. त्यानंतर तुला घालवण्यासाठी एक बादली, दुसरी बादली, तिसरी बादली. आई चौथीलाही म्हणायची, अजून बुळबुळतंय. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं, ते अवघ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घागरी मोजून मिळत होत्या, आणि मोजून मिळालेल्या त्या पाण्यातलं निम्मं कपड्यातून तुला काढण्यात जात होतं. हे मी तुला कधी माफ करणार नाही.

आता शब्दाकडे येते, कारण तू शब्दही बळकावलास. डिटर्जंट हा शब्द लॅटिन. मुळात अर्थ 'पुसून काढणारं'. इंग्रजी वैद्यक सतराव्या शतकापासून जखम साफ करणाऱ्या औषधांना हे विशेषण लावत आलं. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला अपमार्जक केलं: अप म्हणजे दूर, आणि मृज् म्हणजे पुसणं. मार्जन, संमार्जन त्याच धातूचे. अंग चाटून पुसत बसणाऱ्या मांजराला मार्जार म्हणतात तेही त्यावरूनच, अशी जुनी व्युत्पत्ती आहे. लॅटिन असो की संस्कृत, दोन्हीकडे शब्द पुसण्याबद्दल बोलतो. फेसाळण्याबद्दल एकही बोलत नाही.

शब्दाचा काटेकोर अर्थ घेतला तर साबणही डिटर्जंटच, कारण तोही मळ पुसतो. म्हणून पुस्तकं जपून 'संश्लिष्ट अपमार्जक' लिहितात. बाजारात मात्र डिटर्जंट म्हणजे साबण नसलेलं ते. आणि घरात? घरात ज्याला आपण 'कपड्यांचा साबण' म्हणतो ती निळी वडी बहुतेक वेळा डिटर्जंटची असते. 'भांड्यांचा साबण' म्हणतो तोही तसाच. आणि पावडर कोणत्याही कंपनीची असो, आमची शेजारीण पोराला दुकानात पाठवताना "निरमा घेऊन ये" असंच सांगते. लोकांच्या तोंडी शब्द असे सैल असतातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की यातलं कुठलंही नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा तू उभा राहतोस.

म्हणून तुला चार ठिकाणी नेऊन उभं करते, जिथे डिटर्जंट तुझ्यावाचून काम करतं.

गॅरेजमध्ये चल. इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट असतं. काजळी आणि गाळ इंजिनाच्या भिंतींवर बसू नये म्हणून ते काम करतं. तिथे तू आलास तर तेलाचा थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो, म्हणून त्याच तेलात तुला मारणारं रसायन वेगळं घातलेलं असतं. जुना मेकॅनिक तेलाची काडी ओढून बघतो आणि सांगतो, तेल काळं झालंय म्हणजे ते मळ उचलतंय. त्या माणसाने योग्य साक्षीदार निवडला आहे.

प्रयोगशाळेत चल. पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं. ते फोडून आतला डीएनए बाहेर काढायला डिटर्जंटच लागतं. शाळेतली मुलंसुद्धा भांडी घासायचं लिक्विड घालून केळ्यातून किंवा कांद्यातून डीएनए काढतात. बाई पहिली सूचना देतात: हळू ढवळा, फेस होऊ देऊ नका.

आपल्या पोटात चल. पित्तातले क्षार जेवणातल्या तेलातुपाचे बारीक थेंब करतात. वैद्यकाची पुस्तकं या क्रियेला डिटर्जंट क्रियाच म्हणतात. वरणावरचं तूप पचलं ते त्यांच्यामुळे. तू तिथे नव्हतास.

चौथं ठिकाण आमच्याच घरातलं. आई आता माझ्याकडे पुण्यात असते. आमचं धुण्याचं यंत्र पुढून उघडणारं आहे. ती पहिल्यांदा त्याच्या काचेपुढे उभी राहिली, आत पाहत राहिली आणि म्हणाली, "फेसच नाही. धुतंय का हे?" मी कामावर गेल्यावर तिने बादलीसाठी ठेवलेली पावडर दोन मुठी त्यात ओतली. मग तू आलास. दारातून आलास, फरशीवर आलास, यंत्र थांबलं, आणि पंचाहत्तरीची बाई गुडघ्यांवर बसून फडक्याने तुला पुसत राहिली. असल्या यंत्रात कपडे वर उचलले जाऊन खाली आदळतात, त्या आदळण्याने मळ सुटतो. तू मध्ये गादीसारखा पसरलास की आदळणंच होत नाही. म्हणून यंत्राच्या पावडरीत तुला दाबून ठेवणारी द्रव्यं मुद्दाम घालतात. संध्याकाळी आईने मला विचारलं, "मग इतकी वर्षं आपण काय बघत होतो गं?" तिच्या त्या प्रश्नासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

पत्रावरून एका बाईची आठवण येते. अग्नेस पॉकेल्स, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची. त्या काळी तिकडे मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. ती घर सांभाळायची, आईवडिलांचं दुखणंखुपणं बघायची. भांडी धुण्याच्या पाण्यावर तेला-साबणाचा अंश आला की पाण्याचा पृष्ठभाग बदलतो, हे तिने पाहिलं, आणि पाहून सोडलं नाही. विशीच्या सुमाराला घरच्या साधनांनी ते मोजायचं उपकरण केलं. 1891 च्या जानेवारीत तिने इंग्लंडच्या लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहून आपली मोजमापं कळवली. रॅलेने ते पत्र 'नेचर' नियतकालिकाकडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. आज डिटर्जंटचं शास्त्र ज्या पायावर उभं आहे त्यातले काही दगड त्या भांड्यांच्या पाण्यातून आले. तीही आमच्यासारखीच तुझ्या पाण्यात हात घालून उभी होती. तिने लक्ष पृष्ठभागावर ठेवलं, तुझ्यावर नाही.

तुला कोण पोसतं हे मला ठाऊक आहे. हाताने धुण्याच्या पावडरी भरपूर फेसाळतील अशाच बनवतात, कारण फेस आला नाही तर गिऱ्हाईक म्हणतं पावडर हलकी आहे. शाम्पूत फेस वाढवणारं द्रव्य, टूथपेस्टमध्ये फेसाळणारं द्रव्य. कपड्यांच्या पावडरीतलं शुभ्रतेचं द्रव्य हा तुझाच चुलतभाऊ: ते मळ काढत नाही, अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश परत टाकतं आणि डोळ्यांना कापड अधिक पांढरं दिसतं. खरं काम करणारी विकरं मात्र गप्प असतात. रक्ताचे, दुधाचे, वरणाचे डाग फोडणारी विकरं धुण्यात वापरायची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योमने 1913 मध्येच मांडली होती. त्यांना फेस नाही, म्हणून जाहिरातीत चेहरा नाही.

आता नदी. 1950 च्या दशकात इंग्लंड-जर्मनीच्या नद्यांवर तुझे ढीग उठायला लागले. तेव्हाच्या डिटर्जंट रेणूंच्या शेपटांना फांद्या होत्या, आणि त्या फांद्यांवर जिवाणूंचं तोंड चालत नव्हतं. जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या कारखान्यांनी 1965 मध्ये सरळ शेपटाचे रेणू वापरायला घेतले, आणि तिथला तू ओसरलास. सरळ शेपूट जिवाणू खातात. पण त्यांना खायला प्राणवायू लागतो, वेळ लागतो, सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र लागतं. आपण ते पाणी बरेचदा तसंच सोडतो. मग 2015 च्या मे महिन्यात बंगळुरूच्या बेलंदूर तलावावर तू इतका साठलास की तुला आग लागली. दिल्लीत कालिंदी कुंजपाशी छठपूजेच्या बाया कमरेएवढ्या तुझ्यात उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देतात.

आणि आळंदीला इंद्रायणीवर तू गेली काही वर्षं वारंवार दिसतोस. लोणावळ्याजवळ उगवलेली ती नदी आळंदीला पोचेपर्यंत गावांचं, शहराचं, कारखान्यांचं न शुद्ध केलेलं पाणी पोटात घेते. बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं की तू वर येतोस, पांढराशुभ्र, कापसाच्या राशीसारखा. लांबून येणारा वारकरी हात जोडतो, ओंजळ भरतो, तुला बाजूला सारतो आणि ते पाणी तीर्थ म्हणून तोंडाला लावतो. धुण्याच्या पाण्यातलं आणि इतर सांडपाण्यातलं फॉस्फेट, शेतातलं खत यांवर पोसलेली जलपर्णी पलीकडे नदीचा गळा धरून बसलेली असते. माउलींच्या दारात उभा राहून पांढरा दिसण्याचा तुला काडीचा अधिकार नाही.

मी नदीच्या या सगळ्या पापाचा बोजा एकट्या तुझ्यावर टाकत नाही. सांडपाणी न शुद्ध करता सोडणारे हात माणसांचे आहेत, आणि त्यांना वेगळं पत्र लिहावं लागेल. पण आमच्या मोरीतून गेलेली दर दिवसाची ती जादा मूठ तुझ्या नावावर आहे.

पावडर बनवणाऱ्यांना माझी मागणी आहे. पुडीवर फेसाची बादली छापू नका. जड पाण्याला किती चमचे, मऊ पाण्याला किती, तेवढं मोठ्या अक्षरांत मराठीत छापा, आणि हाताने धुणाऱ्या बाईसाठीही कमी फेसाची पावडर स्वस्तात काढा. यंत्र असलेल्या घराला जे मिळतं ते बादली असलेल्या घराला मिळायला काय हरकत आहे?

वाचणाऱ्या आयाबहिणींना आणि आता धुणं धुणाऱ्या दादांनाही एक विनंती. उद्या धुण्याच्या अर्धा तास आधी कपडे भिजत घाला, नेहमीच्या निम्मीच पावडर टाका, आणि फेसाकडे बघू नका. कपडे काढून घेतल्यावर बादलीतलं पाणी बघा.

आम्ही तसं केलं. आज सकाळी आईने बादलीत दोन चमचे पावडर टाकली. फेस बोटभरही आला नाही. ती थांबली नाही, तिने मूठ उघडली नाही. सदऱ्याची कॉलर चोळली, पिळली, आणि बादली वाकवून मला दाखवली. पाणी काळं झालं होतं. खळबळायला दोन बादल्या पुरल्या.